संशय कोणावर घेता तुम्ही? डिटेक्टिव्ह कथा आणि आपण

गोकुळपेठी

मंडळी, एक विषय कधीचा डोक्यात घोळून राहिला आहे, आज टाकतेच.

आपण डिटेक्टिव्ह कथा खुनी शोधायला वाचतो असं म्हणतो, पण मला आजकाल वाटतं की त्यात सापडणारा माणूस भलताच असतो, म्हणजे वाचणारा. सांगते कसं. परवा लायब्ररीतून अगाथा ख्रिस्तीबाईंचं एक जुनं अनुवादित पुस्तक आणलं, पार जीर्ण, बाइंडिंग सुटलेलं. आधीच्या कोणा वाचकाने त्यात पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहून ठेवलं होतं. सुरुवातीला कुठेतरी, ‘हीच! नवरा गेला आणि डोळ्यात टिपूस नाही.’ मग अर्ध्यात, त्याच अक्षरात, ‘नाही, सेक्रेटरी. जास्तच नम्र आहे.’ मग एका नोकराच्या नावाखाली दोन रेघा. आणि शेवटच्या पानावर काहीच नाही, साधं टिंबसुद्धा नाही.

खुनी यातलं कोणीच नव्हतं. पण त्या पेन्सिलवाल्याबद्दल (की वालीबद्दल) मला पुस्तकातल्या खुन्यापेक्षा जास्त कळलं. बाईने रडलंच पाहिजे, नम्र माणसाच्या पोटात काहीतरी असतं, आणि कोणी सापडलं नाही तर नोकर आहेच. हे त्याला कोणी तोंडावर विचारलं असतं तर त्याने कबूल केलं असतं का? अजिबात नाही. पण पुस्तकाने अलगद काढून घेतलं त्याच्याकडून.

तर माझं म्हणणं असं आहे की या कथांचा खरा कच्चा माल म्हणजे आपले पूर्वग्रह. ख्रिस्तीबाई पुरावा लपवत नाहीत, समोरच ठेवतात, फक्त अशा माणसाच्या हातात ठेवतात ज्याच्याकडे बघायची आपल्याला सवय नाही. म्हणजे आपण कुठे फसलो त्या जागेवर आपलीच एखादी सवय बसलेली असते. म्हणून मी आता शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटते आणि कागदावर लिहिते, संशय कोणावर आणि का. ‘कोणावर’ चुकलं तरी चालतं. ‘का’ नंतर वाचायला मजा येते, म्हणजे मजा म्हणायची पद्धत आहे.

तुम्हाला असं काही जाणवलं आहे का? की मी जास्तच विचार करून राहिले?

तर्री_मारके

हाव ताई, जास्तच करून राहिल्या तुमी. आता डिटेक्टिव्ह वाचून बी आत्मज्ञान? मी तं विदर्भ एक्स्प्रेसमध्ये वाचतो, वर्ध्याला उघडतो अन् अकोल्यापर्यंत खुनी सापडला नाही तं झोप येत नाही, एवढाच आपला अध्यात्म. माणसानं काहीतरी टाइमपास म्हणून ठेवावं ना बावा. पोहे खाताना बी कोणी म्हणन का तर्रीतून मी कोण ते शोधा म्हणून.

निवृत्त_मास्तर

तर्री, तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे पण अर्धंच.

आमचं बालपण नागपूरच्या महाल भागात गेलं. मे महिन्यात दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारायचं काम पोरांकडे, आणि ते काम करता करता भूगोलाच्या पुस्तकात दडवलेला काळा पहाड. काळा पहाड आणि झुंझार हे बाबूराव अर्नाळकरांचे नायक. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्याकडे नवीन आली की झुंझारसाठी भांडणं व्हायची. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांचीही संख्या हजाराच्या पुढची. मग सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास. अख्ख्या पिढीला वाचायची चटक या लोकांनी लावली आणि समीक्षकांनी त्यांना दारातही उभं केलं नाही, हा राग माझ्या मनात आहेच, पण तो वेगळा धागा.

आता प्रामाणिकपणे सांगतो, झुंझार वाचताना स्वतःकडे बघायला मी कधी थांबलो नाही. झुंझार स्वतःही थांबत नाही. त्याला मी कोण हा प्रश्न पडला तर तेवढ्यात दोन गुंड खिडकीतून आत येतील. तिथली मजा वेगाची आहे. त्यामुळे गोकुळपेठी म्हणतात ते सगळ्या रहस्यकथांना लागू होत नाही.

पण एक गोष्ट आठवली. वेदान्तात दहा जणांची गोष्ट आहे, आजीने सांगितली असेल पुष्कळांना. दहा जण नदी पार करतात, पलीकडे गेल्यावर मोजतात तर नऊच भरतात. प्रत्येक जण मोजून बघतो, नऊच. एक जण वाहून गेला म्हणून रडारड सुरू होते. वाटसरू येतो, मोजायला लावतो आणि म्हणतो, अरे दहावा तूच. मला ही जगातली सगळ्यात लहान डिटेक्टिव्ह कथा वाटते. बेपत्ता माणूस आहे, शोध आहे, साक्षीदार आहेत, शेवटी बाहेरून आलेला हुशार माणूस उकल करतो. आणि जो शोधत होता तोच हरवलेला होता.

खिडकीची_सीट

मास्तर, गोष्ट झकास. पण तिकडे ग्रीकांकडे हीच गोष्ट उलटी आहे बघा. सोफोक्लीसचा राजा इडिपस. थीब्ज नगरात रोगराई, देववाणी सांगते की आधीच्या राजाचा खुनी नगरात आहे त्याला बाहेर काढा. इडिपस भर सभेत खुन्याला शाप देतो, चौकशी बसवतो, साक्षीदार बोलावतो, कोणी सांगायला टाळाटाळ केली तर धमकावतो, आणि धागा खेचत खेचत स्वतःपाशीच येतो. त्याची राणी मध्येच ओळखते आणि विनवते की आता पुरे कर, शोधू नकोस. तो थांबत नाही.

दहाव्या माणसाला स्वतःचा पत्ता लागला तर तो आनंदाने हसतो, इडिपसला लागला तर तो डोळे फोडून घेतो. मग गोकुळपेठी ताई, तुमच्या डिटेक्टिव्ह कथेत यातलं कोणतं होतं? माझ्या मते दोन्ही होत नाही. तिथे शेवटी बोट दुसऱ्याकडेच जातं, आणि तीच तिची खरी विक्री आहे. ऑडेन नावाचा कवी होता, त्याला डिटेक्टिव्ह कथांचं व्यसन होतं, दारू-तंबाखूसारखं व्यसन असं त्यानेच लिहिलं आहे. १९४८ मध्ये त्याने यावर निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की वाचणाऱ्याच्या मनात कुठेतरी अपराधाची भावना असते, कथेत सगळ्यांवर संशय येतो, मग एकच जण दोषी ठरतो आणि बाकी सगळे निर्दोष सुटतात, त्या बाकीच्यांत आपणही. पुस्तक मिटलं की हलकं वाटतं ते त्यामुळे.

म्हणजे ही आत्मज्ञानाची वाट नसून त्यापासून पळायची वाट आहे. चांगली गुळगुळीत सिमेंट रोडसारखी.

(अपवाद म्हणजे ख्रिस्तीचं १९२६ चं रॉजर अ‍ॅक्रॉइड. तिथे ज्याच्या डोळ्यांनी आपण सगळं बघतो तोच)

तर्री_मारके

अबे थांब!! मी ते वाचाचं आहे!!

खिडकीची_सीट

शंभरीला आलेलं पुस्तक आहे भाऊ, आता कसला स्पॉयलर.

तर्री_मारके

शंभरीचं असो की दोनशेचं, मी तं आता वाचणार होतो ना. तुमच्या आत्मज्ञानाच्या नादात माझं मनोरंजन मारून टाकलं. आता दुसरं सांगा कोणीतरी, अन् नाव फक्त सांगा, पुढचं नाही.

काळा_कोट

सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात रोजचं जाणं-येणं असल्याने थोडं व्यवसायातलं बोलतो.

पुस्तकात शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात, गुप्तहेर फिरत फिरत भाषण देतो आणि खुनी एकदम उठून सगळं कबूल करतो. आमच्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला त्यातही ती तरतूद कायम आहे. मॅजिस्ट्रेटसमोर दिला तर गोष्ट वेगळी, आणि तिथेही आधी विचार करायला वेळ देतात, तुला सक्ती नाही हे समजावून सांगतात. म्हणजे कायद्याला कबुलीचा मोह नाही, उलट संशय आहे. मोह वाचकाला आहे. समोरच्याने ‘होय, मीच’ म्हटल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, घरातल्या भांडणातसुद्धा होत नाही. बायकोशी वाद झाला आणि ती गप्प बसली तर मला चालत नाही, तिने चूक मान्य केली पाहिजे. (ती हा धागा वाचत नाही.)

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. नवीन वकिलांना मी सांगतो की कादंबऱ्या वाचा पण पंचनामे जास्त वाचा. नीट लिहिलेल्या पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग’ असं नसतं, ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ असतं, कारण रक्त आहे की नाही ते लॅबवाले सांगतील, धंतोलीला पाठवा. ‘सोन्याची अंगठी’ नसते, ‘पिवळ्या धातूची अंगठी’ असते. दार ‘कोणीतरी तोडलं’ नसतं, दाराची कडी आतल्या बाजूने वाकलेली असते. आधी दिसलं ते लिहायचं, अर्थ नंतर. शेरलॉक होम्स आपल्या मित्राला, वॉटसनला हेच ऐकवत असतो, तू बघतोस पण निरखत नाहीस.

आता हाच कागद स्वतःसाठी लिहून बघा, घाम फुटतो. ‘साहेबाने मुद्दाम माझा अपमान केला’ हे पंचनाम्यात बसत नाही. बसतं ते एवढंच की साहेब माझ्या टेबलाजवळून गेले, बाजूच्याशी बोलले, माझ्याशी बोलले नाहीत. बाकीचा मजकूर माझा आहे, घटनेचा नाही.

गोकुळपेठी

वकील साहेब, पिवळ्या धातूची अंगठी! मी आजपासून हे वापरणार. सासूबाईंनी ‘टोमणा मारला’ की ‘टोमण्यासारखे दिसणारे वाक्य’. लॅबमध्ये कुठे पाठवायचं तेवढं सांगा.

खिडकीची सीट, तुमचा मुद्दा सोडत नाही, जरा विचार करून लिहिते.

मनीषनगरची_मावशी

मी शाळेत मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त, नातू सांभाळते आणि फादर ब्राउन वाचते. चेस्टरटनचा हा बुटका, छत्रीवाला पाद्री मला होम्सपेक्षा जवळचा वाटतो, कारण तो राख तपासत बसत नाही. १९२७ च्या पुस्तकात त्याला एक अमेरिकन विचारतो की तुमची पद्धत काय, गुपित काय, तर तो म्हणतो ते सगळे खून मीच केले. समोरचा गार! मग तो समजावतो की खुनी ज्या मनाने खून करतो त्या मनात मी स्वतः उतरतो, माझ्यातही तो राग, तो लोभ कुठे आहे ते शोधतो, पार तिथपर्यंत जातो की फक्त हात उचलायचा बाकी राहतो. आपण किती वाईट होऊ शकतो हे ज्याला माहीत नाही तो चांगलाही नाही, असं काहीसं त्याचं मत आहे. खिडकीची सीट म्हणतात ना बोट दुसऱ्याकडे जातं, इथे ते आधी स्वतःकडे जाऊन मग दुसऱ्याकडे जातं.

आणि त्याचीच एक जुनी कथा आहे, १९११ च्या पहिल्या संग्रहातली, तिच्याबद्दल सांगते, तर्री तू डोळे मिटून घे बाळा. एका इमारतीवर चार जण पहारा ठेवून असतात, चौघंही शपथेवर सांगतात की कोणीच आत गेलं नाही. आत खून झालेला. गेला कोण, तर पोस्टमन! सगळ्यांना दिसला पण ‘कोणी’ म्हणून मोजायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ही कथा वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं, कारण आमच्या अपार्टमेंटमध्ये नुकतंच एक प्रकरण होऊन गेलं होतं. मे महिना, पारा पंचेचाळिसावर आणि गच्चीवरच्या कूलरचा पंप चोरीला गेला. पंप म्हणजे काही हिऱ्यांचा हार नाही, पण मे महिन्यात नागपुरात तो हाराहून मोठा. झालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे व्योमकेश बक्षी! तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा संशय भाड्याने राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांवर, कारण ती रात्री जागी असतात. जोशीबाईंचा धुणं-भांडीवालीवर, तिच्याकडे नवा मोबाइल दिसला म्हणून. ज्यांची स्वतःची मुलं बाहेर असतात त्यांचा संशय बाहेरून येणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांवर. सेक्रेटरी साहेबांचं वॉचमनशी आधीपासून पटत नव्हतं, तर त्यांनी थेट वॉचमन. एकानेही ग्रुपवर असं लिहिलं नाही की मालक लोकांपैकी कोणी असेल. गच्चीची किल्ली फक्त मालकांकडे होती, बरं का! मी हे ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही.

पंप कोणी नेला ते आजही माहीत नाही. वॉचमन मात्र काम सोडून गेला. आता जो आहे तो कोणाकडे वर बघत नाही.

सायको_एमए

मावशी, भारी लिहिलंत.

मी मानसशास्त्र शिकते म्हणून एक भर. कार्लो गिन्झबर्ग नावाचा इटालियन इतिहासकार आहे, त्याने १९७९ मध्ये एका निबंधात तीन माणसं एका ओळीत बसवली, मोरेली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड. मोरेली हा चित्रांचा जाणकार, चित्र कोणाचं हे ओळखायला तो चेहरा, हावभाव बघायचा नाही, कारण ते नक्कल करणाराही मन लावून काढतो. तो कानाची पाळी आणि नखं बघायचा. तिथे चित्रकाराचं लक्ष नसतं, हात आपोआप फिरतो, म्हणून तिथे खरा माणूस सापडतो. फ्रॉइडला हा मोरेली माहीत होता, मायकेलअँजेलोच्या मोझेसवरच्या १९१४ च्या लेखात त्याने तसा उल्लेख केला आहे. म्हणजे बोलता बोलता जीभ घसरते, नाव विसरतं, ते फ्रॉइडचे कान आणि नखं.

मला यातून असं वाटतं की स्वतःला ओळखायला आपण नेहमी मोठ्या गोष्टी काढून बसतो, माझी स्वप्नं, माझी मूल्यं, वगैरे. हे सगळं आपण मन लावून काढलेलं असतं. उलट मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून कोणत्या आवाजात बोलते तिथे माझं लक्ष नसतं.

आणि न घडलेल्या गोष्टी! होम्सची १८९२ ची ती घोड्याची कथा, ज्यात कुत्रा रात्री भुंकलाच नाही हाच पुरावा असतो, कारण आलेला माणूस ओळखीचा होता. मी घरी रोज फोन करते, आईशी तासभर बोलते, बाबांशी ‘जेवलात का’ आणि ‘हो’. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, मैत्रिणीने विचारलं की तुझ्या बोलण्यात बाबा कधी का येत नाहीत. विचार करून राहिले आहे त्यावर, इथे नाही लिहिणार.

निवृत्त_मास्तर

बेटा, नको लिहू. पण फोनवर पुढच्या वेळी ‘हो’ नंतर ठेवू नकोस.

होम्सचाच विषय निघाला तर १८९३ च्या एका कथेचा उल्लेख करतो, ‘पिवळा चेहरा’ म्हणून मराठीत वाचल्याचं आठवतं. बहुतेकांना ती आठवत नाही कारण त्यात होम्स साफ आपटतो. नवरा येऊन सांगतो की बायको काहीतरी लपवते, शेजारच्या बंगलीत जाते, खिडकीत एक विचित्र पिवळा चेहरा दिसतो. होम्स तत्काळ निदान करतो की पहिला नवरा जिवंत आहे आणि पैसे उकळतो आहे. निघतं काय, तर बाईची पहिल्या लग्नापासूनची काळ्या वर्णाची लहान मुलगी, मुखवटा घालून लपवलेली. नवरा बराच वेळ गप्प राहतो आणि मग त्या पोरीला कडेवर घेतो. होम्स त्या रात्री झोपायला जाताना वॉटसनला सांगतो की पुन्हा कधी मी स्वतःवर फार भरवसा ठेवताना दिसलो तर कानात फक्त नॉर्बरी म्हण. नॉर्बरी म्हणजे ते गाव.

साठ कथा-कादंबऱ्यांत मला होम्स सगळ्यात मोठा दिसतो तो इथे. त्याच्या डोक्यात गुन्हेगारांचा एवढा साठा की बाईने काही लपवलं म्हणजे पापच असणार. लपवण्यामागे माया असू शकते हे त्याच्या कपाटातच नव्हतं.

खिडकीची_सीट

मास्तर, हे होम्सचं झालं. होम्स शिकला. वाचकाचं काय? वाचक तर म्हणतो अरे वा, काय ट्विस्ट आहे, आणि पुढची कथा उघडतो.

गोकुळपेठी

आता उत्तर देते, जरा लांबेल.

ऑडेनचं म्हणणं मला पटतं, म्हणजे शेवटच्या पानापुरतं पटतं. निर्दोष सुटल्याचा आनंद होतो, अगदी होतो, आणि त्यासाठीच तर उन्हाळ्यात एकामागून एक वाचतो आपण. पण त्या आनंदाच्या आधी दोनशे पानं आहेत, त्याचं काय? त्या दोनशे पानांत मी आठ-दहा माणसांवर संशय घेतलेला असतो. डॉक्टरवर, भाचीवर, मोलकरणीवर, परदेशातून आलेल्या पाहुण्यावर. त्यांच्या पत्रांत डोकावले, त्यांच्या लग्नांबद्दल वाट्टेल ते मनात आणलं. त्यातला एक सोडून बाकी सगळे निरपराध निघतात. आणि शेवटी त्यांची माफी कोणीच मागत नाही! गुप्तहेर नाही मागत, लेखक नाही, मी पण नाही. ती भाची पुढे कुठे जाते, तिच्याशी गावात कोणी बोलतं का, पुस्तक सांगत नाही.

मावशींचा वॉचमन हाच आहे ना. खरा चोर सापडो न सापडो, संशय घेण्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तर कथा पळायची वाट दाखवते हे मान्य, पण ती पळताना पावलं उमटतात. ती मागे वळून बघायची की नाही हा वाचणाऱ्याचा प्रश्न. कथा स्वतः होऊन तुम्हाला काही शिकवणार नाही, तिला ते काम दिलेलंही नाही, आणि शिकवायला लागली तर मी पहिली ती परत करीन. मी म्हणते ते एवढंच की इतका स्वस्त प्रयोग दुसरीकडे होत नाही. खऱ्या माणसावर संशय घेऊन बघायचं म्हटलं तर कोणाचं तरी नुकसान होतं. इथे कागदी माणसं आहेत, घ्या मनसोक्त, पण घेतला कोणावर ते लिहून ठेवा.

माझ्या कागदांवरून एक सांगते. माझा संशय हमखास अशा बाईवर जातो जी सगळ्यांची सोय बघते, चहा विचारते, कोणाचं औषध कुठे ते तिला माहीत असतं. कारणाच्या रकान्यात मी दर वेळी वेगळं लिहिलं आहे, ‘सगळीकडे वावर’, ‘किल्ल्या हिच्याकडे’, ‘कोणी हिला विचारत नाही’. घरी आम्हा सगळ्यांची औषधं कोणाला माहीत असतात ते मी इथे सांगत नाही, हुशार आहात तुम्ही.

काळा_कोट

हा कबुलीजबाब ग्राह्य धरता येणार नाही. मॅजिस्ट्रेट हजर नव्हते.

मनीषनगरची_मावशी

गोकुळपेठी, ती किल्ल्यावाली बाई पुस्तकात कधी खुनी निघाली का गं?

गोकुळपेठी

निघाली ना मावशी, एकदा. काय आनंद झाला होता मला! त्या आनंदाचंच जास्त टेन्शन आलं.

खिडकीची_सीट

बरं, अर्धं मानलं. पण मग तुमचा नियम झुंझार-फिरोज इराणीला पण लावून दाखवा. तिथे संशयाला वेळच नसतो, खलनायक पहिल्या पानावर सिगारेट ओढत उभा असतो.

निवृत्त_मास्तर

तिथे संशयाऐवजी हेवा बघावा. आम्ही पोरं खेळायला जमायचो तेव्हा झुंझार व्हायला सगळे तयार असत. मी मात्र काळा पहाड मागायचो. सज्जन पण कायद्याच्या बाहेरचा. पुढे आयुष्यभर वेळेवर शाळेत जाणारा, रजेचे अर्ज नीट भरणारा मास्तर झालो. आता सत्तरीत कळतं की त्या पोराला काय हवं होतं. त्याबद्दल खंत नाही, पण माहीत असलेलं बरं. शिवाय आमच्यातला जो नेहमी खलनायक व्हायला तयार असायचा तो आज गावातला सगळ्यात प्रेमळ आजोबा आहे, त्याचं काय करायचं ते सायको एमए सांगेल.

सायको_एमए

सर, त्याने लहानपणीच सगळं वापरून संपवलं असेल, हाहा. सिरियसली सांगू तर मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं लिहिलं तर वकील काका ‘उत्तरासारखे दिसणारे वाक्य’ म्हणतील.

तर्री_मारके

आलो परत. कोणीतरी मेसेजमध्ये ते बर्फात अडकलेल्या रेल्वेवालं सांगितलं होतं, ओरिएंट एक्स्प्रेस, ते घेतलं. बाहेर आग लागून राहिली, कूलरमध्ये पाणी संपलं, अन् पुस्तकात सगळे थंडीनं कुडकुडून राहिले, मस्त वाटते.

अर्ध्याच्या वर झालं. ताईच्या नियमानं लिहून ठेवून राहिलो. पहिले माझा संशय गाडीच्या कंडक्टरवर होता. कारण लिहिलं, किल्ली त्याच्याकडं राहते. मग मावशीचं वॉचमनचं वाचलं तं वाटलं अबे, आपण बी पहिले युनिफॉर्मवाल्यालेच पकडलं. त्याच्यावरून काढला अन् कर्नलवर टाकला, कारण तो पाइप ओढते अन् कमी बोलते, आमच्या जुन्या घरमालकासारखा. त्याले पाहूनच माझं डोकं फिरते. मग त्या म्हाताऱ्या राजकुमारीवर बी आला, कारण काही नाही, श्रीमंत आहे.

सगळ्यात खराब म्हणजे मले आता सगळेच थोडं थोडं खोटं बोलून राहिले असं वाटते. पण असं थोडी राहते कुठं. एक कोणीतरी असन ना बावा.

गोकुळपेठी

पुढे वाच तर्री. आणि बाकीच्यांना हात जोडून विनंती, खिडकीची सीट तुम्हाला खास, कृपया कोणी काहीही बोलू नका.

खिडकीची_सीट

मी टाइपच करून राहिलो नाही.